कळसूबाईच्या आधी मेडशीचा घाट

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर वाशिमच्या माणसाला आता एका रविवारात बसवता येते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. वाशिम जिल्ह्यात तो कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो. शेलूबाजारला किंवा मालेगावला शनिवारी रात्री दहाच्या सुमारास गाडी महामार्गावर चढली, की पहाटे अकोले तालुक्यातल्या बारी गावात उतरता येते. उजाडता उजाडता चढाई, सकाळी १६४६ मीटर उंचीवर कळसूबाईच्या देवळासमोर फोटो, दुपारी पायथ्याशी पिठलं-भाकरी, लगेच परतीचा प्रवास आणि सोमवारी सकाळी जो तो आपापल्या कामावर. कागदावर हा बेत सुरेख दिसतो.

तरीही असा बेत आखणाऱ्या प्रत्येक मंडळाने, महाविद्यालयाने आणि मित्रांच्या गटाने तो बाजूला ठेवावा. कळसूबाईला जरूर जावे, पण असे जाऊ नये. आणि त्याआधी वाशिमच्या उंबरठ्यावरचा घाट पायांनी चढून यावा.

या बेतातला सर्वांत मोठा धोका डोंगरावर नसून गाडीत असतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुट्याजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. बुलढाणा जिल्ह्यातले हे ठिकाण वाशिमच्या हद्दीपासून फार दूर नाही. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला सैलानी बाबांचे दर्शन घेऊन नाशिककडे परतणारी मिनी बस वैजापूरजवळ ट्रकवर आदळली, १२ जणांचा जीव गेला. वेळ पुन्हा मध्यरात्रीनंतरची. ही दुसरी घटना सामूहिक सहल काढणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. ट्रेकच्या गटांना भाड्याने मिळते ती गाडी याच जातीची, निघण्या-परतण्याची वेळ बहुधा हीच, आणि आतली माणसेही तशीच: एका कार्यक्रमासाठी एकत्र निघालेली, तो आटोपून घराची ओढ लागलेली.

१९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की सलग १७ तास जागे असलेल्या माणसाचे भान आणि हाता-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो. भारतात गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याने घातलेली मर्यादा त्याहून कमी, ०.०३ टक्के आहे. शनिवारी सकाळी सातला उठलेला चालक मध्यरात्रीच ही १७ तासांची रेघ ओलांडतो, आणि तेव्हा गाडी जेमतेम छत्रपती संभाजीनगरच्या अलीकडे-पलीकडे असते. पुढे पहाटेची, झोपेची सर्वांत गाढ वेळ बाकीच असते. त्यात समृद्धी हा सरळ, एकसुरी, वळणे आणि गावे नसलेला रस्ता. मागच्या सीटवर गाणी, भेंड्या, मग एकेकाच्या माना कलंडतात. पुढच्या सीटवर जागे राहून चालकाशी बोलत बसण्याचे काम कोणाचे, हे बहुतेक गटांत ठरलेलेच नसते.

चालक गटातलाच एक मित्र असेल तर प्रकरण आणखी बिकट. तो रात्रभर गाडी चालवतो, पहाटे सगळ्यांबरोबर डोंगर चढतो, उतरून जेवतो आणि पुन्हा साडेतीनशे किलोमीटरहून अधिक गाडी हाकतो. डोंगर चढणाऱ्याने त्या दिवशी स्टिअरिंगला हात लावू नये, एवढा एक नियम पाळला तरी कित्येक घरांची काळजी मिटेल. भाड्याचा चालक असेल, तर मंडळी वर असताना त्याला झोपायला स्वच्छ, सावलीची जागा आणि सहा तास मिळाले की नाही, हे पाहणे गटाच्या म्होरक्याचे काम आहे. पाण्याच्या बाटल्या मोजण्याइतकेच ते महत्त्वाचे.

याहून चांगला मार्ग आहे आणि तो जुनाच आहे. मुंबई-हावडा मार्गावरच्या अकोला स्टेशनवरून रात्रीच्या गाडीने नाशिक रोड गाठता येते. वाशिमहून अकोल्याला एसटी आहे, रेल्वेही आहे. रात्र आडवे होऊन सरते, सकाळी नाशिकहून पुढे जायचे, बारीत मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी पहाटे चढाई आणि रात्रीच्या गाडीने परत. बारी गावात घरगुती मुक्कामाची आणि जेवणाची सोय आहे. तिथल्या कुटुंबांना दोन पैसे अधिक मिळतात. खर्च थोडा वाढतो, एक दिवसाची रजा जास्त लागते. चढाई एका दिवसाची असली, तरी वाशिमहून तिचा प्रवास एका दिवसाचा होऊ शकत नाही, हे मान्य करायला हवे.

आता डोंगराकडे वळू. बारीहून कळसूबाईचा चढ उभ्या मापाने साडेआठशे ते नऊशे मीटरचा आहे. वाटेत कातळ आहे, दगडी पायऱ्या आहेत, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. नवरात्रात देवीच्या दर्शनाला आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी या शिड्यांपाशी रांग लागते. रांगेत उभे राहणे वरवर सोपे वाटते. पण घामाने भिजलेल्या अंगावर डोंगरमाथ्याचा गार वारा लागतो, पिंढऱ्या आखडतात, मागचे ढकलतात आणि पाय घसरायला तेवढे पुरते. बसून काम करणारा, सकाळी मैदानाला चार फेऱ्या मारणारा तरुण हा चढ जिद्दीने चढून जातो. त्याचे हाल होतात ते उतारावर. चढताना दम लागतो म्हणून माणूस थांबतो; उतरताना दम लागत नाही, पण गुडघे आणि मांड्या थकलेल्या असतात, आणि त्या थकव्याचा पत्ता पाय मुरगळल्यावरच लागतो.

यावर एकच उपाय आहे: आधी लहान चढ वारंवार चढणे. आणि इथे वाशिमकरांची एक समजूत आड येते. आपल्या जिल्ह्यात डोंगरच नाहीत, असे सहज म्हटले जाते. नकाशा वेगळे सांगतो.

अकोला शहर समुद्रसपाटीपासून २८७ मीटरवर आहे आणि वाशिम ५४६ मीटरवर. मधला अडीचशे मीटरचा फरक कुठेतरी चढावाच लागतो. अकोल्याहून निघालेला रस्ता पातूर सोडल्यावर घाटाला लागतो आणि मेडशीच्या बाजूने वर येऊन मालेगावकडे जातो. रेल्वेची वाट याच कडेवरून जऊळक्याकडे चढते. म्हणजे वाशिमचा माणूस जन्मतःच माथ्यावर राहतो. त्याला शिखर दिसत नाही, कारण तो त्याच्यावर उभा असतो. त्याचा डोंगर खालच्या बाजूला आहे.

हा माथा साधासुधा नाही. काटेपूर्णा वाशिमच्या याच उंचवट्यावर उगम पावते, उत्तरेला उतरून पूर्णेला मिळते, पूर्णेतून तापीला आणि शेवटी अरबी समुद्राला. पूस, अरुणावती, अडाण या नद्याही याच जिल्ह्याच्या उंचवट्यावर उगम पावतात, पण त्यांची तोंडे दक्षिण-पूर्वेला. त्यांचे पाणी पैनगंगेच्या खोऱ्यात, तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात पोचते. पावसाळ्यात या उंचवट्यावर पडणाऱ्या पाण्याच्या वाटा अशा फाटतात, की एक धार सुरतेकडे जाते आणि दुसरी राजमहेंद्रीकडे. भूगोलाच्या पुस्तकात ‘पाणलोट’ हा शब्द पाठ करणाऱ्या वाशिमच्या मुलांना हा पाणलोट घरापासून तासाभराच्या अंतरावर पायाखाली दाखवता येतो. पूर्वी वत्सगुल्म म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावातून वाकाटकांच्या एका शाखेने राज्य केले आणि त्याच शाखेच्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची कित्येक लेणी कोरली गेली. पातूरजवळही लेणी आहेत. घाटाच्या पायथ्याशी ती पाहायची आणि मग चढायला लागायचे, असा दिवस इतिहास आणि भूगोल या दोन्ही विषयांच्या शिक्षकांना आखता येईल.

प्रशिक्षणाच्या दृष्टीनेही हा उतार उत्तम आहे. दोनशे मीटरच्या चढाची एक खेप केली तर सकाळची मोकळी हवा मिळते. पाठीवर चार लिटर पाणी घेऊन एकाच दिवशी चार वेळा चढले-उतरले, तर जवळपास कळसूबाईइतका चढ पायांखालून जातो, आणि कोणाचा श्वास, कोणाचे बूट, कोणाचा गुडघा साथ देत नाही हे घरापासून तासाभरावर कळते. ज्याला तिसऱ्या खेपेला चक्कर येते त्याला एसटीत बसवून घरी पाठवता येते. कळसूबाईच्या तिसऱ्या शिडीवर हे कळून उपयोग नाही.

समूहाने कसे चालावे हेही वाशिमला बाहेरून शिकायची गरज नाही. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा अकोला, पातूर मागे टाकून मेडशीला येते, पुढे शिरपूर जैन, रिसोड करत मराठवाड्यात जाते. ज्येष्ठाच्या तापलेल्या उन्हात, डांबरी रस्त्यावर, शेकडो वारकरी हा चढ ओळीने चढतात. पताका, टाळकरी, विणेकरी, पालखी, प्रत्येकाची जागा ठरलेली. पावले भजनाच्या ठेक्यावर पडतात, त्यामुळे कोणी पुढे पळत नाही आणि कोणी मागे उरत नाही. सकाळचा चहा, दुपारची पंगत आणि रात्रीचा मुक्काम आधीच पक्का असतो. पाणी आणि औषधोपचार सोबत चालतात. वयाची साठी ओलांडलेली माणसे पंढरपूरपर्यंत शेकडो किलोमीटर चालून जातात, त्यामागे श्रद्धा जितकी आहे तितकीच ही व्यवस्था आहे.

ट्रेकला निघालेल्या गटाचे चित्र याच्या उलट असते. पाच-सहा तगडी पोरे सुरुवातीलाच पुढे निघून जातात. वाटेत सपाटी आली की थांबतात, फोटो काढतात, मागच्यांची वाट पाहतात. मागचे धापा टाकत पोचले की ही मंडळी ताजीतवानी होऊन उठतात आणि ‘चला’ म्हणतात. म्हणजे ज्याला विसाव्याची सर्वांत जास्त गरज, त्याच्या वाट्याला विसावा कधीच येत नाही. अपघातांच्या कहाण्यांत ‘तो मागे राहिला होता’ हे वाक्य वारंवार येते ते यामुळे. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला म्होरक्याच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे आणि विसाव्याची मिनिटे शेवटचा माणूस बसल्यावर मोजायला सुरुवात करावी. ट्रेकवाले ज्याला ‘टेल’ म्हणतात, तो शेवटचा माणूस गटातला सर्वांत अनुभवी असावा. त्याच्या मागे कोणीही राहता कामा नये. दर थांब्यावर डोकी मोजावीत. पन्नास जण असतील तर एकच लांब रांग न करता दहा-दहाचे पाच गट करावेत, प्रत्येकाचा म्होरक्या वेगळा. दिंड्यांना क्रमांक असतात, तसेच.

आणि शिखर कधी सोडायचे हे शिखरावर ठरवू नये. दुपारी ठरलेल्या वेळेला जिथे असू तिथून परतायचे, हे पायथ्याशीच सर्वांसमोर सांगून टाकावे. वर दहा मिनिटांचेच अंतर उरले असताना म्होरक्याला ‘परत’ म्हणणे फार जड जाते. आधी ठरलेले असेल तर ते त्याच्या एकट्याच्या माथी येत नाही.

वाशिमच्या डोंगरकडेचे स्वतःचे धोके आहेत आणि ते सह्याद्रीतल्यापेक्षा वेगळे आहेत. सह्याद्रीत धुके आणि निसरडे कातळ; इथे ऊन, वणवा आणि वीज. दिवाळीनंतर गवत पिवळे पडू लागते, फेब्रुवारीपासून डोंगरउतार कुसळीच्या वाळल्या गवताने भरलेले असतात, आणि त्यावर वारा सुटला की एक ठिणगी पुरे. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात सहलीला गेलेल्या दोन गटांतील पस्तीसहून अधिक जण असे वणव्यात सापडले. बहुतेक तरुण, त्यांत मुली अधिक. वीसहून जास्त जणांचा त्यात अंत झाला. उतारावर आग माणसापेक्षा वेगाने वर चढते. तिच्यापासून वरच्या बाजूला पळणे जीवघेणे ठरते. जळून काळी पडलेली जागा, उघडा कातळ किंवा नाला गाठावा लागतो. मेडशीच्या उतारांवर फिरणाऱ्या प्रत्येकाला कुरंगणी हे नाव माहीत असायला हवे. फेब्रुवारी ते जून या काळात गवताळ कड्यांवर सामूहिक भटकंती नकोच, आणि एरवीही चूल, विडी-सिगारेट, फटाके यांना पूर्ण बंदी हवी.

पावसाळ्याच्या तोंडाशी आणि परतीच्या पावसात विदर्भात विजा कोसळतात. उघडा माथा आणि त्यावरचे एकटे झाड ही तेव्हा सर्वांत वाईट जागा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून होत नसतील, तर माथा सोडायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत चढायचे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. प्रत्येक गटात निदान दोघांच्या फोनमध्ये ते असावे. राहिले ऊन. नोव्हेंबरातही दुपारी बारानंतर बेसॉल्टचा काळा खडक तापतो. माणशी तीन ते चार लिटर पाणी, मीठ-साखर-लिंबू किंवा जलसंजीवनीची पाकिटे, टोपी आणि सकाळी सहाला निघून अकरापर्यंत चढ संपवणे, यात तडजोड नको. खडकांच्या कपारीला आग्या मोहोळ दिसले की आवाज, धूर आणि दगड तिन्ही बंद.

मग हे सगळे कोणी करायचे? मेडशी, मालेगावच्या बाजूची जंगले वनविभागाच्या ताब्यात आहेत आणि काटेपूर्णा अभयारण्य अकोला-वाशिमच्या सीमेवर पसरले आहे. चौशिंगा आणि भेकर या लाजाळू प्राण्यांचे ते घर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण जिथे अभयारण्य नाही, अशा वनहद्दीत एक-दोन पायवाटा आखून, त्यावर दगडांना चुन्याच्या खुणा करून, दिवसाला ठरावीक माणसे सोडणे वनविभागाला अवघड नाही. गावातला, तांड्यावरचा वाटाड्या प्रत्येक गटासोबत सक्तीचा असावा. गुरांमागे याच उतारावर आयुष्य गेलेल्या माणसाला कोणत्या नाल्यात नोव्हेंबरपर्यंत पाणी टिकते, रानडुकरे कुठून उतरतात, कोणती वाट पावसात खचते हे ठाऊक असते. त्या ज्ञानाचे रोख मानधन त्याला मिळायला हवे. बारीतल्या लोकांना कळसूबाईने रोजगार दिला. मेडशीच्या पंचक्रोशीला तो मिळू नये असे काही नाही. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले, त्यात सुरक्षिततेचे नियम आणि नोंदणी आहे. त्याचा उपयोग सह्याद्रीच्या आयोजकांपुरता राहू नये.

गंभीर अपघात झाला तर मदतीला यायला अनुभवी बचाव पथके हवीत. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांनी दऱ्याखोऱ्यांतून माणसे काढण्याचे काम वर्षानुवर्षे विनामोबदला केले आहे. पण ती माणसे पुणे, रायगड, नाशिकच्या डोंगरांजवळ राहतात. मेडशीच्या कड्याला पोचायला त्यांना दिवस लागेल. तेव्हा इथल्या पोलिसांनी, होमगार्डने, महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलांनी दोर, स्ट्रेचर आणि प्रथमोपचाराचे शिक्षण घेऊन ठेवणे हाच मार्ग.

मेडशीनंतरची पायरी कळसूबाई नसून नरनाळा असावी. वाशिमहून अकोला, अकोट करत शहानूरला जायचे. सातपुड्याच्या कुशीतला हा किल्ला नऊशे मीटरहून उंच आहे. वर जाणारा रस्ता आहे, मेळघाटच्या हद्दीतले नियम आहेत, पण माथ्यावरचा विस्तार पायीच पाहावा लागतो. महाकाली दरवाज्यावरचे नक्षीकाम, शक्कर तलाव, नऊगजी तोफ यांत अख्खा दिवस जातो. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत नरनाळ्याचे नाव आहे. खालच्या मैदानात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावची लढाई झाली आणि त्यानंतर पंधरवड्यात, १५ डिसेंबरला गाविलगड पडला. वऱ्हाडचे भवितव्य त्या पंधरा दिवसांत फिरले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यांत विदर्भातला एकही नाही. त्या यादीचा निकष वेगळा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण वऱ्हाडातल्या मुलांनी राजगड-रायगड पाहावा आणि नरनाळा केवळ पाठ्यपुस्तकात वाचावा, हे बरे नव्हे. मेळघाट प्रशासनाने हिवाळ्यातले काही दिवस शाळांच्या लहान गटांना, वाटाड्यासह, पायी चढाईसाठी ठेवावेत.

अडीचशे मीटरच्या घाटात तरुणांना काय थरार, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर तेलंगणात आहे. २५ मे २०१४ रोजी मालावत पूर्णा ही १३ वर्षे ११ महिन्यांची मुलगी तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोचली. ती निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची, लंबाडा समाजातली. महाराष्ट्रात ज्यांना आपण बंजारा म्हणतो, तेच हे लोक, आणि मानोरा तालुक्यातली पोहरादेवी ही त्यांची काशी. तिच्या चढाईची सुरुवात हिमालयात झाली नव्हती. समाजकल्याण निवासी शाळेतून निवडल्यावर तिने हैदराबादजवळच्या भोनगीरच्या एकसंध खडकावर धडे घेतले, मग दार्जिलिंग, मग लडाख. शाळांचे सचिव असलेले पोलीस अधिकारी आर. एस. प्रवीण कुमार यांनी हा कार्यक्रम उभा केला होता. आपल्याकडेही चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांना घेऊन आदिवासी विकास विभागाने ‘मिशन शौर्य’ राबवले आणि मे २०१८ मध्ये त्यांतले पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. विदर्भाच्या सपाट जिल्ह्यांतून, शेतमजुरांच्या घरांतून आलेली ही मुले. पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत नंगारा संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तिथे येणाऱ्या तांड्यांतल्या मुलींना पूर्णाची गोष्ट सांगितली जावी आणि मग त्यांना चढायला एक उतार दाखवला जावा.

मुलींचा मुद्दा तर या सगळ्यात सर्वांत मोठा. रात्रीच्या गाडीने, मिश्र गटात, पावणेचारशे-चारशे किलोमीटर दूर जायला वाशिम, रिसोड, मानोऱ्याच्या किती घरांतून मुलीला होकार मिळेल? सकाळी सहाच्या एसटीने निघून संध्याकाळी पाचला घरी परतणाऱ्या, शाळेच्या बाई सोबत असलेल्या सहलीला मात्र आई-वडील नाही म्हणणार नाहीत. जवळची वाट नसेल तर डोंगर हा मुलांपुरताच राहतो. त्या वाटेच्या पायथ्याशी कपडे बदलायला आडोसा आणि एक स्वच्छ शौचालय असणे ही चैन नाही. मुली येणार की नाहीत, हे त्यावर ठरते.

जिल्हा क्रीडा कार्यालय, जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग आणि वनविभाग यांनी एकत्र बसून एवढेच ठरवावे: मेडशीच्या बाजूची एक वाट, तिच्यासाठी वाटाड्यांची यादी, नोव्हेंबर ते जानेवारी हा हंगाम, एका गटात चाळीसच्या आत विद्यार्थी आणि प्रत्येक तालुक्यातून दोन शिक्षकांना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण. सोबत दुसरा नियम, रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत शाळा-महाविद्यालयांच्या सहलीची कोणतीही गाडी रस्त्यावर असणार नाही, आणि तो मोडला तर परवानगी देणाऱ्यालाही जबाबदार धरले जाईल. शाळांच्या सहली डिसेंबरात निघतात, त्यांचे प्रस्ताव दिवाळीच्या सुट्टीनंतर शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर येतात. वाटेची पाहणी, चुन्याच्या खुणा आणि वनविभागाचे पत्र त्याआधी, पोळा ते दसरा या काळात उरकून घेता येईल.